इथलं प्रमाणपत्र खोटं असू शकतं

माझे साडू कुंडलिकराव यांनी आयुष्यात दोन मिरवणुका थांबवल्या आहेत. पहिली स्वतःच्या लग्नाची. सजवलेल्या गाडीच्या मागून काळा धूर येतोय हे नवरदेवाला आरशात दिसलं, तसे ते फेट्यासकट खाली उतरले आणि दुसरी गाडी आल्याशिवाय पुन्हा चढायला तयार होईनात. दर्शनाताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, विहाराच्या दारात हार धरून ताटकळत उभी. तिनं तेव्हाच काय ते ओळखायला हवं होतं.

दुसरी मिरवणूक जयंतीची. ती थांबली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं, पण तिच्याकडे मी जरा वेळानं येतो. आधी माणूस समजून घ्या.

कुंडलिकराव मुलुंड चेकनाक्याजवळ एका पेट्रोल पंपावर गाड्यांचा धूर तपासून पीयूसी देतात. पंपाच्या कोपऱ्यात, हवा भरायच्या खोलीला लागून, त्यांची जुनी पांढरी व्हॅन उभी असते. व्हॅनमध्ये एक टेबल, टेबलावर मशीन, मशीनला लांब नळी. ती नळी गाडीच्या सायलेन्सरमध्ये घालायची, मशीन धूर हुंगतं, पडद्यावर आकडे येतात, आणि आकडे बरे असतील तर प्रमाणपत्र छापून मिळतं. मशीनला वीज पंपाच्या खोलीतून ओढलेल्या वायरनं मिळते. व्हॅन स्वतः बंदच असते.

हे काम इतर ठिकाणी कसं चालतं ते गाडी असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नंबरप्लेटचा फोटो काढतात, पैसे घेतात, कागद देतात, आणि नळी खिळ्याला लटकलेली असते. कुंडलिकरावांकडे ती नळी खरोखर आत जाते. गाडी नापास झाली तर ते नापास म्हणतात आणि वर का नापास झाली ते उन्हात उभं करून समजावतात. साहेबाची गाडी, लग्नाची गाडी आणि सख्ख्या भाचीची स्कूटी त्यांनी सारख्याच आनंदानं परत पाठवली आहे. मलाही पाठवलं आहे. त्या दिवशी संघमित्रानं, माझ्या बायकोनं, त्यांची बाजू घेतली, हे मी विसरलेलो नाही.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. लोक खोटं बोलत असणार हे धरून चालायचा मला पगार मिळतो. कुंडलिकरावांचं उलट आहे. त्यांना खरं-खोटं काहीच धरून चालता येत नाही, बघावं लागतं. विहारात भंतेजी सांगतात की धम्म ही येऊन स्वतः बघण्याची गोष्ट आहे. बाकीचे आम्ही ते ऐकतो, खीर खातो आणि घरी येतो. कुंडलिकराव ते वाक्य घेऊन मुलुंडला कामावर गेले. घरीसुद्धा ताईनं वरण खारट झालंय असं म्हटलं तर ते आधी चाखतात, मग वाटी माझ्यापुढे सरकवतात, दुसरा साक्षीदार म्हणून. मी घाटकोपरला त्यांच्या शेजारच्याच इमारतीत राहतो, त्यामुळे साक्षीला मी कायम हाताशी असतो.

तर जयंती. आमच्या पंतनगरच्या मिरवणुकीत दर वर्षी कोणी सरबत वाटतं, कोणी पुस्तकांचा स्टॉल लावतं. यंदा कुंडलिकरावांनी व्हॅनला निळे झेंडे लावले आणि मशीनसकट ती मिरवणुकीत आणली. पुढे पाटी, ‘धूर तपासणी मोफत’. कोणी तपासायला येईना, म्हणून त्यांनी पुढच्या डीजेच्या ट्रकपासून सुरुवात केली. ट्रक सपशेल नापास झाला. मग ते ट्रकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, या धुरात लहान मुलं नाचतायत, हे मी चालू देणार नाही. मंडळाच्या पोरांनी आधी हात जोडले, मग बाह्या सारल्या. शेवटी ट्रक बाजूला लागला, बायकांनी टाळ्यांवर गाणी धरली, आणि मिरवणूक कधी नव्हे ती वेळेत संपली. म्हाताऱ्या माणसांना ती फार आवडली. पोरं अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

या सगळ्यात एका गतिरोधकावर व्हॅन जोरात आदळली आणि मशीन टेबलासकट घसरलं. पडलं नाही, पण कुंडलिकरावांनी ते मनाला लावून घेतलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ड्रिल आणून व्हॅनच्या तळाला भोक पाडलं आणि वीतभर लांबीचा बोल्ट घालून टेबल पक्कं केलं. मला बोलावून ते हलवून बघायला लावलं. मी दोन्ही हातांनी हिसका दिला, टेबल जागचं हललं नाही. आता भूकंप झाला तरी मशीन हलणार नाही, असं ते म्हणाले. त्या बोल्टकडे ते ज्या मायेनं बघत होते, त्या मायेनं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलेलं नाही.

काही आठवडे गेले. बॅटरी उतरू नये म्हणून व्हॅन अधूनमधून चालू करून ठेवतात, तशी त्यांनी ती केली, आणि समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. तो विझेना.

पंपाच्या मागच्या गल्लीत बेसिलचं गॅरेज आहे. बेसिल मुलुंडच्या जुन्या गावठाणातला, त्याच्या आजोबांची इथे भातशेती होती, आणि आता त्याच जागेवर तो लोकांच्या गाड्या खोलतो. त्यानं स्कॅनर लावला आणि क्षणात सांगून टाकलं की ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलून टाक.

सेन्सर म्हणजे काय, तर धुराच्या पाइपात बसवलेलं बोटभर नाक. धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते हुंगायचं आणि इंजिनाला कळवायचं, की त्या हिशेबानं इंजिन पेट्रोल कमी-जास्त करतं. व्हॅनचं नाक कळवत होतं की धुरात ऑक्सिजन भलताच जास्त आहे. इतका असूच शकत नाही, म्हणून नाक बिघडलं, असं बेसिलचं म्हणणं. कोणत्याही माणसानं इथे मान डोलावली असती. मी तिथेच होतो, मी डोलावली.

“हे तुला कुणी सांगितलं?” कुंडलिकरावांनी विचारलं.

“स्कॅनरनं.”

“स्कॅनरला कुणी सांगितलं?”

“सेन्सरनंच, आणखी कोण?”

“म्हणजे ज्याच्यावर खोटं बोलण्याचा आरोप आहे, त्याच्याच बोलण्यावरून तू त्याला खोटं ठरवतोयस.”

बेसिलनं स्कॅनर काढून बाजूला ठेवला. मग म्हणाला, “कुंडलिक, यार, तू माझं डोकं नको खाऊ. बारकासा पार्ट आहे, बदलून टाकू.”

पण कुंडलिकराव आता थांबणारे नव्हते. सेन्सर खरं बोलत असेल तर? खरं बोलल्याबद्दल त्याला काढून कचऱ्यात टाकायचं? यावर स्वतंत्र साक्षीदार हवा, आणि असा साक्षीदार तर त्यांच्या घरचाच होता. त्यांचं मशीनही धुरातला ऑक्सिजन मोजतं. ते म्हणाले, आपल्याच व्हॅनच्या सायलेन्सरमध्ये आपलीच नळी घालू, दूध का दूध होऊन जाईल. आणि इंजिन चालू ठेवून त्यांनी मशीनचं बटण दाबलं.

आता या मशीनची एक रीत आहे. धुराला हात लावण्याआधी ते पाठीमागच्या भोकातून साधी हवा ओढून घेतं आणि तिच्यातला ऑक्सिजन दाखवतं. साध्या हवेत तो एकवीसच्या जवळपास असतो. साक्षीदारानं आधी शपथ घ्यावी तसंच ते. हा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत येतो, आणि इतक्या वर्षांत त्याच्याकडे कुंडलिकरावांनीही बघणं सोडलं होतं. त्या दिवशी मात्र सगळंच बघायचं म्हणून त्यांनी चष्मा पुसून बघितलं. कोपऱ्यात आकडा होता अठरा.

साक्षीदार शपथेलाच अडखळला होता. कुंडलिकरावांचा चेहरा असा उतरला की मी त्यांना खाली बसवलं. मला आधी कळेना. व्हॅनच्या दिव्याचं एवढं काय, असं मी म्हणालो. ते म्हणाले, दिव्याचं सोड, प्रबुद्ध. हे मशीन साधी हवा ओळखत नसेल तर नव्या गाड्यांच्या चाचणीतला ऑक्सिजनवरून निघणारा आकडाही खोटा. तो आकडा खोटा तर प्रमाणपत्र खोटं. कधीपासून खोटं, तेही ठाऊक नाही.

ते पुढे जे बोलले ते मला जसंच्या तसं आठवतं. “आपण आयुष्यात एक गोष्ट नीट केली. एकसुद्धा खोटा कागद दिला नाही. सोमवारपर्यंत हे मशीन निर्दोष आहे असं दिसलं नाही, तर मी या व्हॅनमध्ये पुन्हा बसणार नाही.”

दुसरं कोणी असं म्हणालं असतं तर मी चहा मागवला असता. पण हा माणूस लग्नाच्या गाडीतून उतरला होता. ताईला मी फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, हे काम गेलं तर तो माणूस घरी बसून घरातलं सगळं तपासत बसेल आणि झिजून मरेल. ती चेष्टा करत नव्हती. मला त्या माणसाचा राग येतो, रोज येतो, पण त्या दिवशी आला नाही.

मी सुचवलं की मशीन इथेच पुन्हा एकदा लावून बघू. ते म्हणाले, संशयिताला कामावर घेता येत नाही, आणि पंपावरची हवा पुरावा म्हणून चालायची नाही, तिच्यात पेट्रोलची वाफ आहे. त्यांनी पंपाची वायर काढून गुंडाळून ठेवली. मग एक जुना पुठ्ठा घेतला, त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘इथलं प्रमाणपत्र खोटं असू शकतं. ज्यांनी घेतलं असेल त्यांनी कृपया परत यावे’, आणि तो रस्त्याच्या तोंडाशी बांधला.

मला वाटलं होतं की लोक चिडून येतील. संध्याकाळपर्यंत एकही जण परत आला नाही. सकाळी मात्र पंपाबाहेर ही रांग. रिक्षा, टेम्पो, मोटरसायकली, एक पाण्याचा टँकर. ज्या गाड्यांनी कुंडलिकरावांच्या धास्तीनं कधी या पंपावर पेट्रोलसुद्धा भरलं नव्हतं त्या सगळ्या. पाटी त्यांनी नीट वाचली होती आणि त्यांना ती आवडली होती. इथे अखेर खोटं मिळायला लागलं अशी बातमी चेकनाक्यापासून भांडुपपर्यंत पसरली होती.

कुंडलिकराव एकेकाला समजावत होते की प्रमाणपत्र देणं बंद आहे. लोक डोळा मारून म्हणत, समजलं साहेब, भाव सांगा. तुम्ही पूर्वी माझ्याकडून घेतलंय का, असं ते विचारत. कोणी घेतलेलं नसे. टँकरवाल्यानं तर त्यांचे हात हातात घेतले आणि तुम्ही अखेर माणसात आलात, आनंद झाला, असं मनापासून सांगितलं. पंपाचा मॅनेजर हर्षद सगळ्यांत खूश. रांगेत उभे राहिलेले लोक पेट्रोल भरत होते, म्हणून त्यानं खुर्च्या टाकल्या, माठ ठेवला, आणि पाटी वाऱ्यानं फाटू नये म्हणून स्वतःच्या पैशानं तिला प्लॅस्टिक लावून घेतलं.

कुंडलिकरावांनी हे डोळ्यांनी बघितलं आणि ठरवलं की आता उशीर करायचा नाही. मशीनला शुद्ध हवा द्यायची आणि काय म्हणतं ते बघायचं. प्रश्न एवढाच, की मुंबईच्या उपनगरात शुद्ध हवा कुठे मिळते.

मी कामावरून सुट्टी काढली. विम्याचे दावे तपासणाऱ्या माणसानं शुद्ध हवेच्या शोधासाठी सुट्टी मागितली, याची नोंद साहेबांनी कुठेतरी नक्की ठेवली असेल. व्हॅन मी चालवत होतो. कुंडलिकराव मागे मशीनजवळ, आणि मधे ताई डब्याची पिशवी मांडीवर घेऊन. नवऱ्याला या अवस्थेत एकटं सोडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. मशीनला वीज हवी म्हणून बॅटरीवर इन्व्हर्टर लावला होता आणि बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू ठेवायचं होतं. पिवळा दिवा सारखा माझ्याकडे बघत होता.

पहिल्यांदा बोरीवली, नॅशनल पार्कच्या कुंपणालगत. मशीनच्या पाठीतल्या भोकाकडे जंगल येईल अशी व्हॅन तिरकी लावायची होती. मी पुढे-मागे करून लावली. सगळे दरवाजे उघडले. मशीननं हवा ओढली. अठरा. कुंडलिकराव म्हणाले, समोर वडापावची गाडी आहे, तेलाचा धूर येत असणार. आम्ही आणखी वर गेलो. पुन्हा अठरा. एक माकड आत डोकावलं, त्याला बघून ताईनं डबा पदराखाली घेतला.

मग ते म्हणाले, समुद्र. म्हणून जुहू. चौपाटीच्या रस्त्याला व्हॅन उलटी लावली, पाठ पाण्याकडे, इंजिन चालू. मस्त वारा सुटला होता. पण तो आमच्या भोकापर्यंत नीट पोचत नाही असं कुंडलिकरावांना वाटलं, म्हणून आम्ही दोघं टेबलाच्या दोन बाजूंना ताईनं घरून आणलेली जुनी साडी आडवी धरून वारा आत वळवत होतो. भेळवाला विचारायला आला की आत काय आहे. कुंडलिकरावांनी खरं ते सांगितलं की मशीनला हवा खायला आणलं आहे. तो म्हणाला, इथे सगळे त्याचसाठी येतात, आणि तीन भेळी देऊ का. पोलिसानं मात्र एवढं ऐकून घेतलं नाही. त्यानं शिट्टी वाजवून आम्हाला हाकललं. निघता निघता मी कोपऱ्यातला आकडा बघितला. अठराला थोडा कमीच होता.

आम्ही परत निघालो. ताईचं डोकं चढलं होतं. माझंही सकाळपासून ठणकत होतं, पण मी ते कुंडलिकरावांच्या बोलण्यावर ढकललं होतं. पवईच्या चढावर ते मागून हळू आवाजात म्हणाले की सगळीकडे मशीन एकच सांगतं आहे, म्हणजे मशीनच गेलं आहे, आता उद्या शेवटचं एक बघू. दुसरं मशीन आणि आपलं मशीन शेजारी शेजारी लावू.

दुसरं मशीन चंद्रप्रकाशकडे होतं. चंद्रप्रकाश म्हणजे भांडुपच्या एका गल्लीतला पीयूसीवाला, ज्याच्याकडे गाडी न्यायची गरजच पडत नाही, फोटो पाठवला तरी भागतं. कुंडलिकराव त्याचं नाव घेत नसत. आणि आता रविवारी सकाळी त्याच्या दारात, डोक्याला बाम चोळलेली बायको आणि चिडलेला साडू बरोबर घेऊन, ते हात जोडून उभे होते.

चंद्रप्रकाश घाबरला. त्याला वाटलं धाड पडली. मग कळल्यावर त्यानं खुर्च्या दिल्या आणि म्हणाला, प्रमाणपत्रच हवंय ना, व्हॅनचा नंबर सांगा, मशीन कशाला. कुंडलिकरावांनी पुन्हा पुन्हा मशीनच मागितलं, तेव्हा त्यानं ते खाटेखालून ओढून काढलं. त्याच्यावरची प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. विकत घेतल्यापासून ते कधी चालू झालंच नव्हतं. त्याला वायर कुठे लावायची तेही माहीत नव्हतं, आणि तो बायकोला विचारायला आत गेला.

तोवर कुंडलिकरावांनी आमचं मशीन तयार ठेवायला घेतलं. गल्ली अरुंद, मागे रिक्षा खोळंबलेली, तिचा हॉर्न थांबेना. मी इंजिन बंद करून व्हॅन ढकलत भिंतीला लावली. चंद्रप्रकाशच्या खिडकीतून वायर घेतली आणि तिच्यावर मशीन सुरू केलं. मशीननं हवा ओढली. कोपऱ्यात आकडा आला, एकवीसला जरासा कमी. म्हणजे अगदी बरोबर.

कुंडलिकराव आकड्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी मान वर केली. गल्लीत एका बाजूला उघडं गटार, दुसऱ्या बाजूला कोंबडीवाला, वर वाळत घातलेल्या गोधड्या. त्यांचा चेहरा फार गंभीर झाला. ते म्हणाले, “म्हणजे नॅशनल पार्कमध्ये हवा खराब, समुद्रावर खराब, आणि शुद्ध हवा फक्त चंद्रप्रकाशच्या दारात. असं कसं? पण आकडा तर समोर दिसतोय.”

मी सांगतो, कुंडलिकराव हे मानायला निघाले होते. बघितल्याशिवाय मानायचं नाही याची दुसरी बाजू ही, की बघितलं की मानावंच लागतं. ते उद्या हर्षदला सांगून व्हॅन कायमची याच गल्लीत आणणार, असा हिशेब मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होता.

तेवढ्यात ताई कपाळावरचा हात काढून म्हणाली, “अहो, गाडी बंद आहे.”

“मग?”

“गाडी बंद झाली आणि माझं डोकं उतरलं. काल दिवसभर चालू होती तर दुखत होतं.”

मी कुंडलिकरावांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मी पुढे जाऊन किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि कोपऱ्यातला आकडा आमच्या डोळ्यांदेखत घसरायला लागला. एकोणीस, मग साडेअठरा. इंजिन बंद केलं, दारं उघडी ठेवली, आणि आकडा हळूहळू परत वर गेला. कुंडलिकराव टेबलाखाली वाकले. मशीनच्या पाठीशी, भोकापासून दोन बोटांवर, तो त्यांचा लाडका बोल्ट होता. त्याच्याभोवतीचा पत्रा काजळीनं काळा पडला होता.

बेसिलला रविवारी प्रार्थनेहून येता येता पकडला. तो चांगल्या कपड्यांत व्हॅनखाली शिरला आणि खालूनच हसायला लागला. कुंडलिकरावांनी तळाला भोक पाडलं तेव्हा ड्रिल पत्र्यावर थांबलं नव्हतं. बरोबर खालून जाणाऱ्या धुराच्या पाइपात ते शिरलं होतं, आणि त्यात बोल्ट ठोकला होता. त्या फटीतून इंजिन चालू असताना धूर वर येत होता, थेट मशीनच्या पाठीत. आणि धुराच्या दोन धक्क्यांमधे त्याच फटीतून बाहेरची हवा पाइपात ओढली जात होती, थेट सेन्सरच्या नाकात. सेन्सर ओरडून सांगत होता की ऑक्सिजन जास्त आहे, कारण तो जास्त होता. मशीन सांगत होतं की हवा खराब आहे, कारण ती खराब होती. दोघंही खरं बोलत होते.

पंपावर व्हॅन बंद असते, वीज भिंतीतून येते. म्हणजे तिथं दिलेला एकेक कागद चोख होता. इतक्या गाड्या तपासल्या, एकाही गाडीला मशीन चुकलं नव्हतं. ते चुकलं फक्त कुंडलिकराव स्वतःची गाडी तपासायला गेले तेव्हा. हे मी त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, मला कळलंय ते, परत सांगू नको.

पण सोमवारी सकाळी ते इतके खूश होते की त्यांनी मला स्वतःच्या पैशानं इडली खाऊ घातली. बेसिलनं पाइपाला जोड मारला होता, टेबल आता बाजूच्या पत्र्याला अडकवलं होतं, पिवळा दिवा विझला होता. आम्ही पंपावर पोचलो तेव्हा रांग रस्त्यापर्यंत गेली होती. कुंडलिकरावांनी सगळ्यांदेखत पाटी उतरवली आणि जाहीर केलं की मशीन खरं आहे, तपासणी नेहमीसारखी होईल, ज्यांना यायचं त्यांनी या. हर्षद धावत आला आणि पाटी राहू द्या म्हणून गयावया करू लागला. तोवर रांग विरघळायला लागली होती. टँकरवाला जाताना त्यांच्याकडे असा बघत गेला, जणू त्यांनी त्याला दगा दिला.

थोड्याच वेळात पंप मोकळा झाला. एकच जुनी व्हॅन उरली, मुलांना शाळेत सोडणारी, मागच्या काचेवर फुलपाखराचं चित्र चिकटवलेली. तिच्यातून साठीचा एक माणूस उतरला. नाव शिवदास. त्यानं खिशातून घडी केलेलं प्रमाणपत्र काढलं आणि कुंडलिकरावांपुढे धरलं. म्हणाला, हे तुमच्याकडून घेतलं होतं, खोटं असेल तर परत घ्या, माझ्या गाडीत पोरं असतात.

कुंडलिकरावांनी विचारलं की कुठून आलात.

“मानखुर्द.”

“एवढ्या लांब? फक्त एवढ्यासाठी?”

“तुम्हीच लिहिलं होतं ना, परत या म्हणून,” शिवदास म्हणाला. “भाडं घेऊन इकडे आलो तेव्हा वाचलं. शाळा सुटल्यावर येणार होतो, म्हटलं आधी हे करून टाकू.”

कुंडलिकराव वळले आणि आपल्या व्हॅनच्या आत तोंड करून उभे राहिले. नळी उलगडायला त्यांना वेळ लागत होता. नळी अगोदरच उलगडलेली होती. मी दुसरीकडे बघितलं. माझ्या नोकरीत मी हजारो माणसांचे कागद बघितलेत, स्वतःहून कागद परत करायला आलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

मग तपासणी झाली. नळी सायलेन्सरमध्ये, मशीननं आधी साधी हवा घेतली, कुंडलिकरावांनी चष्मा पुसून कोपरा बघितला, आणि मग आकडे आले. त्यांनी नवे आकडे आणि जुन्या कागदावरचे आकडे शेजारी शेजारी धरले. मलाही दाखवले, साक्षीदार म्हणून. जवळजवळ तेच होते.

“तुमचं खरं आहे,” ते म्हणाले.

“मग पाटी का लावली होती?”

“मला माहीत नव्हतं.”

शिवदासला एवढं उत्तर पुरलं. त्यानं कागदाची पुन्हा तशीच घडी केली, खिशात ठेवली, आणि शाळा सुटायच्या आत पोचायचं म्हणून घाईनं गाडी काढली. कुंडलिकरावांनी नळी पुसून खुंटीला लावली आणि टेबलामागे आपल्या जागेवर बसले. रस्त्यापर्यंत कुणी नव्हतं. तरी त्यांनी मान बाहेर काढली आणि रोजच्यासारखी हाक दिली, पुढची गाडी घ्या.